उजव्या करंगळीची शाई

कितीदा वदवून घेता रे हा किस्सा? ऐका.

ऊसतोडीला निघालेला आमचा टेम्पो पोलिओवाल्या नर्सबाईंनी थांबवला. मुकादम माझ्याकडं बोट दावून म्हणाला, "म्हाताऱ्याच्या नातीला कालच डोस पाजलाय, करंगळी बघा."

शाई हुती, पन उजव्या करंगळीला. नर्सबाई खूण डाव्या करंगळीला करतात. उशीर नको म्हणून मुकादमानंच पेनानं रंगवल्ती. मी टेम्पोपुढं बसलो.

"ऊठ, लंगड्या," मुकादम खेकसला. "मागं चार डोस झालेत, अजून कशाला?"

नर्सबाई म्हणाल्या, "आपल्याकडं पोरांना सारखे जुलाब, डोस नीट लागू पडत न्हाई, थोड्या डोसांनी भागत न्हाई."

"पाजा बाई," मी म्हनलो. "पोलिओनं आमच्या घरातला एक पाय नेलाय, दुसरा न्हाई देनार."

परवा तीच नात तालुक्यात पळन्यात पहिली आली. टाळ्या लई वाजवल्या त्यानं, पन माफी अजून मागितली न्हाई, दगडू मुकादमानं.