पार्सलवरचं नाव

सत्याऐंशीच्या ऑक्टोबरात, अमेरिकेत ट्रॉयच्या पोस्टात माझ्यापुढे एक मराठी जोडपं दिवाळीचं पार्सल घेऊन उभं होतं. नवऱ्याच्या डोक्यावर आइस हॉकी टीमची टोपी होती.

“बारा वर्षं टीमसाठी दात पाडून घेतले त्या प्लेअरने, आणि त्याला सरळ दुसऱ्या टीमला ट्रेड केला.”

“बदल्यात दोन तरणे प्लेअर मिळाले ना? शैलेंद्रभावजी म्हणत होते, डील चांगलं आहे.”

“शैलेंद्रला काय कळतंय हॉकीतलं. अगं, त्या माणसाला कुणी विचारलंसुद्धा नाही. त्याला रेडिओवर कळलं.”

“मिनूला तरी कुठे विचारलं होतं आपण?”

“मी हॉकीचं बोलतोय, सरला.”

“आपली चार वर्षांची पोर तुमच्या दादांना दत्तक देऊन टाकली.”

“त्यांना मूल नव्हतं. आणि आईला ते सांभाळतात, म्हणून आपण इथे येऊ शकलो.”

“मग डील चांगलंच झालं म्हणायचं.”

“लाइन हलली, पुढे हो. पार्सलवर पाठवणाऱ्याचं नाव घातलंस का?”

“घातलं. पत्रात मिनू तुम्हाला जे लिहिते, तेच घातलंय. हेमूकाका.”