टेबलाखालचा कंपाउंडर

...आणि वर मलाच म्हणायचं, "कुकर लावू नकोस, शिट्टी ऐकू जाते!" घ्या! म्हणजे आता स्वयंपाकसुद्धा यांच्या वर्गाला विचारून करायचा! का, तर तास भरायचेत. तुम्हाला सांगते, गेले कित्येक दिवस या घरात दुसरा शब्द नाही. जेवायला चला... तास भरायचेत. माझ्या बहिणीकडे जाऊन येऊ... तास भरायचेत. अहो, कसले तास, कुणाचे तास?

आमचे हे जनावरांचे डॉक्टर. म्हशीपासून मांजरापर्यंत सगळं बघतात, घोडेसुद्धा. जन्म गेला त्यात. आणि आता या वयात नवा नियम, की डॉक्टरांनी दरवर्षी अमुक इतके तास नवीन शिकायचं, नाहीतर नोंदणी पुढे चालू राहणार नाही. शिकायचं कुठे? आमच्या जेवणाच्या टेबलावर, लॅपटॉप उघडून! मी ताटं मांडतेय आणि समोर पडद्यावर गाईचं पोट फाडलेलं! उतरेल का हो घास? यांचा उतरतो. शिवाय शिकवणाऱ्याशी भांडण चालूच. तो बिचारा घोड्याच्या खुरांवर जीव तोडून बोलतोय आणि हे इकडून, "अरे, घोडा जवळून बघितलायस का कधी?" माईक बंद ठेवून, बरं का!

त्यात त्या लॅपटॉपची एक खोड. मधूनच टुंग करून विचारतो, 'तुम्ही उपस्थित आहात का?' 'हो' दाबलं नाही की तो अख्खा तास गेला. आणि आमचे डॉक्टर जंतांचा विषय निघाला की लागले घोरायला! मग 'हो' कोण दाबणार? मी! पिठाचे हात तसेच! जंतांवर काहीही विचारा मला, पहिल्या वर्गात पास आहे मी.

हसा, हसा. पण पुढचं ऐका.

टेबलाखाली कंपाउंडर असायचा. कंपाउंडर म्हणजे आमचा कुत्रा हो. पिल्लू होता तेव्हापासून यांच्या मागे मागे, दवाखान्यात, गोठ्यात, तबेल्यात. एखादं जनावर बावरलेलं असलं की हा त्याच्याजवळ जाऊन नुसता बसायचा आणि ते निवायचं. म्हणून ते नाव. तर हा यांच्या पायावर हनुवटी टेकून पडलेला असायचा. नुसता पडलेला. किडन्या गेल्या होत्या त्याच्या. पाणी पोटात ठरत नव्हतं, उभं केलं तर मागचे पाय घसरायचे. आणि हे काय म्हणायचे? "हवा बदललीय. सलाईन लावतो, उद्या उठेल." रोज सलाईन आणि रोज उद्या! अहो, दुसऱ्या कुणाचा असता तर यांनी दारातच सांगितलं असतं, की हाल करू नका त्याचे, कायमचं झोपवू या. मला कळत होतं. यांना तर माझ्याआधी कळत होतं. पण डॉक्टरला कोण सांगणार? माझी जीभच रेटेना.

आणि नेमका त्या दिवशीचा धडा काय असावा? 'मालकाला वाईट बातमी कशी सांगावी.'

"यात शिकायचंय काय?" हे फिस्कारले. "सांगायचं, मालकाला बाहेर काढायचं, इंजेक्शन द्यायचं. मालक आत असला की नुसती रडारड."

"मग बसताय कशाला?"

"तास भरायचेत!"

शिकवणाऱ्या बाईंनी जोड्या लावल्या. एकानं डॉक्टर व्हायचं, एकानं मालक. हे झाले मालक. आणि डॉक्टर म्हणून कोण यावा? काचवाला! तोच हो, रस्त्यापलीकडे काचेच्या दारांचा दवाखाना थाटलाय तो तरुण डॉक्टर. हे त्याच्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. "मांजरांची नखं कापतो," म्हणायचे. आता काय गंमत बघा, खिडकीतून बघावं तर तो तिकडे बसलेला, पडद्यावर बघावं तर इकडे! हाक मारली तर ओ देईल एवढ्यावर, पण नाही, लॅपटॉपमधूनच बोलायचं!

"नमस्कार सर," तो अगदी पाठ केल्यासारखा, "आपल्या प्राण्याचं नाव काय?"

यांना खोटं काही सुचतच नाही हो. "कंपाउंडर."

"सर... प्राण्याचं नाव."

"तेच. कंपाउंडर."

तो थबकला. आमच्या पायरीवर बसलेला कंपाउंडर त्याला काचेतून रोज दिसायचा ना. आणि हल्ली दिसत नव्हता.

"खातो का?"

"नाही."

"तुम्ही घरी आलात की उठतो?"

"शेपटी हलवतो."

"उठतो का, सर?"

मी ओट्याशी तशीच उभी, गॅस बंद करायचंही भान नाही.

"उद्या उठेल," हे म्हणाले.

मग तो काचवाला, मघाचा तो पोपटासारखा आवाज टाकून, अगदी हळू म्हणाला, "सर, दुसऱ्याचा असता तर तुम्ही काय सांगितलं असतंत?"

यांनी चष्मा काढून ठेवला. आणि गुडघ्यांनी हैराण झालेला हा माणूस, खुर्ची सरकवून टेबलाखाली शिरला. मी पडद्याकडे बघितलं, तर तिथे काचवाल्याची नुसती रिकामी खुर्ची. वळले तर काचवाला बॅग घेऊन आमच्या दारात.

"तू बाहेर थांब," हे मला म्हणाले. सवयीनं.

"नाही सर," काचवाला म्हणाला, "धड्यात सांगितलंय, घरच्यांनी डोक्याशी बसायचं. तुम्हीसुद्धा. सुई मी धरतो."

कुणाच्या हातात सुई न देणारा माणूस, मुकाट्यानं सरकला. कंपाउंडरचं डोकं मांडीवर घेतलं. मी त्याचा कान धरून बसले, मऊ होता हो कान. "सगळ्यांना बाहेर काढलं गं मी," हे म्हणाले, "शेवटी त्या जनावरांना दिसलं कोण? मी. परका माणूस." आणि ढसाढसा रडले. मीही रडले. काचवाल्याचं नाक लाल झालेलं.

वर लॅपटॉप... टुंग! तुम्ही उपस्थित आहात का? टुंग! आम्ही सगळे टेबलाखाली. कोण दाबणार 'हो'?

तो तास धरला नाही त्यांनी. तोच धडा परत करा म्हणे! म्हणून आज पुन्हा बसलेत. जोडीला काचवालाच, यांनी स्वतः मागून घेतला. या खेपेला हे डॉक्टर. मीही कुकर नाही लावला, जाऊ दे. पण बसलेत कसे, तर खुर्ची मागे ओढून, पाय एका बाजूला तिरके करून, अवघडून. मी म्हटलं, "अहो, पाय सरळ करा की. आता खाली कोण आहे?"

तर माझ्याकडे न बघताच म्हणाले, "राहू दे गं. तास भरायचेत."