देवीदास सुताराचा डावा हात

(अमरावती. देवीदास सुताराच्या घरामागचं अंगण. देवीदास आत खाटेवर आहे; दार उघडं आहे. अंगणात त्याची बायको पार्बताबाई, हातात नवं धनुष्य घेतलेली सिंधू आणि भाजीवाली वच्छला.)

पार्बताबाई : थांब वं पोरी, दोरी नको चढवू अजून.

सिंधू : का मावशी? ओलं आहे का?

पार्बताबाई : ओलं नाई. जवसाचं तेल कवाच मुरलं. माह्याच मनाले भेव हाय.

वच्छला : भेव नसन तं काय! वकिलाची पोर हाय थे. काडकन तुटलं अन् तोंडावर बसलं, तं तिचे बापूसाहेब तुह्यं घर उनात बांधतीन.

सिंधू : वच्छलाबाई, तुम्ही भाजी विकायला आलात ना?

वच्छला : भाजी सरली. आता गंमत पाहून राहिली.

सिंधू : मावशी, दसऱ्याला आखाड्यात मुलींचा पहिला संघ उतरणार. डिप्टी कमिशनरसाहेब पाहायला येणार. मुलं त्यांची धनुष्यं आम्हाला हातसुद्धा लावू देत नाहीत. देवीदासकाका म्हणाले होते, तुझं मी करतो. त्यांच्या हातचं आहे, मग भीती कसली?

पार्बताबाई : यायनं शब्द देला, अन् पोळा झाला नाई तं लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. धामणीचं लाकूड निस्तं तासून ठेवेल होतं. घासनं, तेल देनं पयलेपासून माहंच काम. पन किती घासाचं, थे हे सांगत.

सिंधू : मग या वेळी कोणी सांगितलं?

पार्बताबाई : यायच्या डाव्या हातानं. काचेच्या तुकड्यानं खरडाचं, पारिजातकाच्या खरखरीत पाल्यानं घासाचं, अन् खाटेवर नेऊन द्याचं. हे आंगठा फिरवत अन् परत ढकलत. म्हंजे झालं नाई. पुन्हा घासलं, पुन्हा नेलं, पुन्हा ढकललं.

वच्छला : आमी म्हनो, पार्बता धनुष्य करून राहिली का दातकोरनी!

पार्बताबाई : मंग एक दिवस ढकललं नाई. हात तसाच लाकडावर ठेवला.

सिंधू : म्हणजे पसंत पडलं.

पार्बताबाई : डोये मिटेल होते, पोरी. पसंत पडलं का झोप लागली, मले काय ठाव? मी तेल देऊन टाकलं. टोकायले बिबा लावला, हे पाय, हात कसा उतला. पन लाकूड जास्त गेलं असन, तं थे काई वापस येत नाई.

सिंधू : आधीची धनुष्यं किती वाकायची? त्यावरून अंदाज येईल.

पार्बताबाई : मी कवा पायलं? सासऱ्यापासून या घरात दोरी चढवत नाईत. घरातून काठी जाते, धनुष्य होते थे आखाड्यात. अन् आखाड्यात बाईले कोन जाऊ देते? मी जलमभर काठ्याच घासल्या.

सिंधू : एकदाही पाहिलं नाही?

पार्बताबाई : नाई.

सिंधू : मग आज पाहा. त्या पऱ्हाटीच्या काड्यांच्या ढिगावर मारते.

वच्छला : आंगन काय घर नोहे का वं?

पार्बताबाई : असू दे आज. इथं माह्यासमोर तुटलं तं बरं, तिथं चार लोकायत नको. लाव दोरी.

वच्छला : तोंड तरी फिरव वं!

सिंधू : तोंड फिरवून नेम कसा धरू? सरका बाजूला.

पार्बताबाई : हळू माय... हळू... अगं बाई!

सिंधू : काय झालं?

पार्बताबाई : बोलू नको. तशीच राय. वच्छले, पाय वं, कसं वाकलं! दोनीकडून सारखं. खिल्लारी बैलाच्या शिंगावानी. अन् मधात, मुठीपाशी, हाललं बी नाई! म्हनून हे धडधाकट होते तवा मले मधात घासू देत नोते. पाला हिसकून घेत हातातून. टोकाकडं म्हनत, घास, घास. मी मनातल्या मनात शिव्या देत होती... हे यायले दिसत होतं. निस्त्या काठीत दिसत होतं!

सिंधू : मावशी, आता ताणून धरवत नाही. सोडू?

पार्बताबाई : सोड.

वच्छला : कुठं गेला बान? पऱ्हाटी तं हालली नाई.

सिंधू : आरपार! तो पाहा, मागच्या कुडात रुतलाय.

वच्छला : अरे बाप्पा!

पार्बताबाई : आवाज ऐकला? मले वाटलं, कडाडन. निस्ता हुंकार देला. झोपेल मानूस कूस बदलते, तसा.

सिंधू : एक चीरसुद्धा नाही. घ्या, काकांना दाखवा.

पार्बताबाई : चाल तू बी आत... आवो, हे घ्या. धरा. तुटलं नाई... हे काय?

वच्छला : ढकललं का वं परत?

पार्बताबाई : धनुष्य बाजूले ठेवलं. माहा हात धरला. तळव्यावर आंगठा फिरवून राहिले.

सिंधू : बिब्यानं उतलेला हात तो, दुखत असेल.

वच्छला : खरखरीत लागत असन. अजून घासा म्हनतीन! ढकलला का?

पार्बताबाई : नाई वं. अन् डोये उघडे हायेत.