हळदीचा नवरदेव

(कुरुंदा. राधाकृष्ण यांच्या घरी माहितीपटाचं चित्रीकरण. ते दाराआड; दिग्दर्शिका अबोली आणि त्यांना आणीबाणीत अटक करणारे निवृत्त पोलीस फुलसिंग ओसरीवर.)

अबोली : कट! फुलसिंगकाका, तुम्ही पोलीस आहात. दार वाजवून 'येऊ का?' काय विचारता?

फुलसिंग : सवय हाये, मॅडम. नोकरी सुटल्यापासून रोज चहाला येऊन राहिलो इथं.

राधाकृष्ण : अरे, आणीबाणी आहे ही! मला अटक करायला आलायस, विरजण मागायला नाही!

अबोली : काका, तुम्ही लपलेले आहात. बोलू नका ना.

राधाकृष्ण : कसा गप्प बसू? सरकारविरुद्ध पत्रकं चिकटवली, दीड वर्ष तुरुंगात काढलं, अन् गावाला आठवतं काय? हळद!

अबोली : हळद?

फुलसिंग : ह्यो हळदीच्या पोत्यामागं लपला. ह्याची आई दारात म्हनली, तो घरी न्हाई. तेवढ्यात आतून शिंकला की गडी! वढून काढला तं पोतं फुटलं. डोक्यापासून पायापस्तोर पिवळा. आमचे साहेब म्हनले, नवरदेवाला काहून आनलं?

राधाकृष्ण : तुरुंगातसुद्धा विचारायचे, नवरी कुठंय?

अबोली : हे तर घ्यायलाच हवं!

राधाकृष्ण : घेतलंस तर फिल्म बंद. इतकी वर्षं मीच हे सांगून लोकांना हसवलं. आता एकदा तरी गावानं न हसता ऐकावं माझं. बस, एवढंच.

अबोली : बरं, हळद नाही. फक्त दार. फुलसिंगकाका, त्या दिवशी वाजवलं तसंच वाजवा.

फुलसिंग : तसं नगं. दार मोडंल. वहिनी चहा बंद करतील.

राधाकृष्ण : ती वसमतला गेलीय. बडव!

फुलसिंग : ए राधाकृष्ण... हाईस का?

राधाकृष्ण : ह्या आवाजानं आमची मांजरसुद्धा उठायची नाही! पगार कशाचा घेत होतास रे?

फुलसिंग : पगारावर जाऊ नको, राध्या!

राधाकृष्ण : मग दाखव की!

फुलसिंग : राधाकृष्ण! दार उघड! उघड म्हनतो ना! तोडून आत यीन!

अबोली : कट! जबरदस्त! राधाकृष्णकाका, या बाहेर. काका?

फुलसिंग : राध्या, झालं रे. काहून बोलत न्हाईस?

राधाकृष्ण : आई... सांग त्यांना, मी घरी नाही.

अबोली : अरे देवा... फुलसिंगकाका, कॅमेरा चालू करते. अजून एकदा वाजवता?

फुलसिंग : न्हाई, मॅडम. तो घरी न्हाई. चला.