नागनाथच्या घरचा चहा

न्हाई न्हाई न्हाई, चहाचं नावच काढू नका! पानी द्या, तांब्याभर द्या, दोन तांबे द्या, ह्या बिमारीत पानी किती बी लागतंय, पन चहा नको... बघा, पडलं का न्हाई लगेच तोंड तुमचं? तुमाला सांगतो, साखरेच्या बिमारीनं मानूस मरायच्या आधी मानसातून उठतो! आधी मोरीत मुंग्या झाल्या, मग जिंतूरच्या डॉक्टरनं नळीत लघवी तापवली, लालभडक झाली, डॉक्टर म्हनला, "किशनराव, आजपासून गोड बंद." बंद तर बंद! पन एसटीत बसलं की फाट्याफाट्याला कंडक्टरच्या हातापाया पडून उतरायचं, आन् लगनात बसलं की वाढपी बुंदीचं घमेलं घेऊन उरावर हजर, "घ्या हो, एवढ्यानं काय होतंय!"

एवढ्यानं काय होतंय? पायाच्या अंगठ्याला काटा मोडला तर मला आठ दिवस पत्ताच न्हाई! मोजा ओला झाला तव्हा कळलं. डॉक्टर म्हनला, "साखर चढली तर हा अंगठा काढावा लागंल." म्हनून खडीसाखरेला बी शिवत न्हवतो, देवाशपथ.

आन् त्यातच आमच्या नागनाथ गुरुजीची घरभरनी आली. बौद्धवाड्यातला नागनाथ हो, माजा वर्गमित्र, एका पाटीवर शिकलो आमी. अठ्ठ्याहत्तरला नामांतराच्या पायी गावोगाव आग लागली, तव्हा त्याचं घर जळलं. मी त्या दिवशी शेतात होतो. ...होतो म्हंजे, गेलो होतो. जाऊ द्या. आठ वर्सांनी त्यानं इटाचं घर बांधलं, मला सोता बोलवायला आला, मी गेलो. वाड्यातले पन्नास मानसं बसलेले, नवी कपबशी, आन् नर्मदावहिनीनं माज्यापुढं चहा धरला. पाक हो, नुसता पाक! मी म्हनलं, "नको."

तुमाला सांगतो, पन्नासच्या पन्नास मुंड्या माज्याकडं वळल्या... नागनाथ हळूच म्हनला, "नको का, किशनराव?" मी खिशातली डॉक्टरची चिठ्ठी काढली, ह्याला दाखवली, त्याला दाखवली, चप्पल काढून अंगठा दाखवला! येक म्हातारं म्हनलं, "बरी टायमाला बिमारी झाली." आन् नर्मदावहिनी... चिडली न्हाई, आवाज चढवला न्हाई. म्हनली, "भाऊजी, बिमारी मागल्या साली झाली म्हनता. त्याच्या आधी कामून न्हाई पेलात?"

आता ह्यावर काय बोलता? बोला ना! पंचवीस वर्सं त्याच्या दारात सायकलवरून पाय टेकवून गप्पा मारल्या मी. कधी उपास, कधी "आत्ताच घेऊन आलो", कधी "गडबडीत हाय". सगळं खोटं. आन् जल्मात पयल्यांदा खरं बोललो तर ते त्याच खोट्यात जमा! लाज वाटली हो. खरंच लाज वाटली.

मग पेलो. बशीत वतून फुर्र फुर्र पेलो, खाली राह्यलेली साखर बोटानं चाटली. नागनाथच्या डोळ्यात पानी, खांद्यावर हात टाकून म्हनतो कसा, "आनखी अर्धा घ्या, एवढ्यानं काय होतंय!"

झालं! मग दर बाजारच्या दिवशी चहा. बिनसाखरेचा मागून पाह्यला की! वहिनी म्हनली, "आता साखर बी नको का आमच्या घरची?" घ्या! चार महिने असं चाललं, अंगठा काळा पडला, आन् डॉक्टरनं काढला. नागनाथ दवाखान्यात आला, पायाकडं पाहून हमसून रडला, "मला का सांगितलं न्हाई खरं?" अरे बाबा, सांगितलं होतं की! चिठ्ठी दाखवली होती!

बरं, घरी आल्यावर तरी सुख? आमच्याच भावकीतला तात्याराव पारावर बसून सांगायलाय, "त्याहिच्या घरचं पेला, पाय सडला." साखरेचं कुनी नावच घेईना! लोक मुंड्या हलवायलेत, आन् नागनाथ खाली मान घालून शाळंत जायलाय.

म्हनून काल काठी घेतली, पारावरूनच गेलो, तात्यारावच्या देखत गेलो, नागनाथच्या वट्ट्यावर बसलो आन् वरडलो, "वहिनी, चहा टाका, साखर घालून!" नागनाथ न्हाई न्हाई म्हनायलाय, मी पेलो.

काय करता... अजून नऊ बोटं हायती.