बत्तीसशेवर नेलेली रॅम

माझं माहेर वडगाव निंबाळकरचं, लग्न करून आले हितं निमगाव केतकीला, आमच्या मालकांचा फोटो स्टुडिओ, ते लग्नाचं शूटिंग करणार आणि मी दुकानात बसून मिक्सिंग, म्हंजी तुकडं जोडून फिल्म करायची, बारावी नापास बाई मी, पण काय सांगू ताई तुमाला, माऊस हातात आला की मला भूक न्हाय का तहान न्हाय. शमीमभाभीची फिल्म म्हणून लोक पार इंदापूरवरनं यायचे.

आता कॉम्प्युटर झाला जुना आणि कॅमेरा नवा, एकेक फिल्म निघायला पाऊण दिवस. मी मोबाईलवर बघितलं की रॅमचा वेग वाढवता येतो, रॅम म्हंजी कॉम्प्युटर काम करताना जिच्यावर सगळं मांडून ठेवतो ती पट्टी. गेले सेटिंगमधी, सव्वीसशेची रॅम बत्तीसशेवर नेली, आणि पळाला की हो! मालकांना काय बोलले न्हाय, ते म्हणणार नसता उद्योग. मग लागला अडकायला, मधीच निळा पडदा. आमच्याकडं कॉम्प्युटर बिघडला की पट्टी काढायची, खोडरबरनं तिचे सोनेरी दात घासायचे आणि परत बसवायची. मी अख्खं खोडरबर झिजवलं, पट्ट्यांची अदलाबदल केली, लाईटीला शिव्या घातल्या, पण वेग काय खाली आणला न्हाय. हाव, दुसरं काय.

त्यातच लोणी भापकरच्या सोनालीचं लग्न. दुसऱ्याच दिवशी दुसऱ्या लग्नाची तिथ, म्हणून कॅमेऱ्याच्या कार्डावरचं सगळं कॉम्प्युटरात उतरवलं, कार्ड पुसलं आणि मालक पुढच्या लग्नाला गेले, सगळे स्टुडिओवाले असंच करत्यात. आठ दिवसांनी सोनालीचे वडील, तात्या, बसल्या जागी गेले.

सोनाली दुकानात आली, म्हणाली भाभी, फिल्म राहू द्या, मला फक्त पाठवणी दावा, गाडीत बसताना तात्या माझ्या कानाशी कायतरी बोलले, बँजो वाजत हुता, मी रडत हुते, काय कळलंच न्हाय. मी लावलं. तात्या वाकले, तोंड उघडलं, आणि पडद्यावर सगळे हिरवे चौकोन, आवाजाच्या जागी नुसती खरखर. परत लावलं, परत तितंच. या अल्ला! म्हटलं चार दिवसांनी ये बाई, दुरुस्त करते.

रॅम तपासायचं सॉफ्टवेअर लावलं तर लाल ओळींवर लाल ओळी. तीन हजारावर आणली, तरी लाल. सव्वीसशेवर आणली, एक बी न्हाय. म्हंजी पट्टीत खोट नव्हती, खोट माझ्यात, उतरवतानाच फाईल नासली हुती. पुसलेलं परत निघतंय का बघायला कार्ड घिऊन बारामतीला पळाले, तितला दुकानदार म्हणाला भाभी, त्याच्यावर दुसरं लग्न बसलंय, आता कायच हुणार न्हाय. आणि हिकडं मालक स्वतःलाच खात हुते, माझंच कार्ड खराब, मीच बघून घ्यायला पायजे हुतं. आणि मी त्यांना तसंच खाऊ दिलं. ताई, मेल्याहून मेल्यासारखं झालतं.

सोनाली परत आली तवा मालक समोरच. मी दोघांपुढं सगळं ओकले. मालक माझ्याकडं असे बघायला लागले, म्हटलं आता काय आपलं खरं न्हाय. पण ते सोनालीला म्हणाले, पोरी, माझ्या कानाला कॅमेऱ्याचा हेडफोन हुता, मी ऐकलंय, तू हे शोधतीयास हे मला कुणी सांगितलंच न्हाय. तात्या म्हणाले, म्हशीचं टेन्शन घिऊ नगं, तिची धार मी काढतो, लाथ मारली तरी.

हसली बघा पोरगी, आणि हसता हसता जी रडायला लागली. म्हणाली व्हय, ती म्हैस माझ्याच हातची, तात्यांना जवळ येऊच देत नव्हती.

आता रॅम सव्वीसशेवर हाय, फिल्म निघंस्तवर मी भाकरी थापून येते. मालक माझ्याशी कामापुरतंच बोलत्यात, बोलू देत, माझी चूक हाय. सोनालीनं म्हैस सासरी नेली. तिचा फोन आला की म्हणती भाभी, मालकांना द्या, आणि त्यांना म्हणती परत एकदा सांगा. ते दरवेळी तेवढंच सांगत्यात, एक शब्द जास्त न्हाय.