ताज्या भाकरीची शेळी

तुम्हाला म्हणून सांगते, लग्नाला दोन महिने झाले नव्हते आणि घरात माझ्यावरच संशय.

सासऱ्यांना, म्हणजे मामांना, शुगर आहे. औंढ्याच्या डॉक्टरांनी भाकर, भात बंद करून पालेभाजी, अंडी, मटकीची उसळ खायला सांगितलेली. मामा निमूट खायचे, तरी शुगर चढलेलीच. सासूबाई शेजारणीला म्हणाल्या, "सून चहात साखर टाकून राहिली का काय?" आणि दुसऱ्या दिवसापासून चहा माझ्याकडून काढून घेतला.

मग मीही लक्ष ठेवलं. रोज दुपारी मामा शेळीला घालायला म्हणून भाकर मागायचे. शिळी दिली की म्हणायचे, "ताजी दे माय, ही ती खात न्हाई." रोज ताजी भाकर खाणारी शेळी मात्र वाळत चाललेली.

एके दिवशी सासूबाई दाराआड उभ्या आहेत हे बघून मी भाकर देता देता विचारलं, "मामा, सोबत ठेचा देऊ का तिला?"

मामा म्हणाले, "दे की. पर वरून तेल टाक, नुसता लई झोंबतो."

सासूबाई बाहेर आल्या, मामांच्या हातातली भाकर घेतली आणि मला म्हणाल्या, "चहाचं तू बघ. शेळीचं मी बघते."